थेंबाखालचा तांब्या

जगाचं प्रदर्शन बघायला दिल्लीला गेले आणि दोन दिवसांत एकच झाड बघून आले, असं मी सांगितलं की लोक हसतात. हसा बापडे. आता मीही हसते. तेव्हा मात्र रडले होते, आणि तेही परक्या देशाच्या मांडवात, चारचौघांसमोर.

याला कारण अक्का. अक्का म्हणजे माझी आत्या. वडिलांची थोरली बहीण. ते तिला अक्का म्हणायचे म्हणून आम्हीही अक्काच म्हणायचो. पारोळ्यापासून दोन कोसांवर तिचं गाव. नवरा जाऊन सहा वर्षं झालेली, मूलबाळ नाही, आणि नवऱ्याच्या हातची दोनशे झाडांची लिंबांची बाग. ती बाग ती एकटी करायची. उंच, काळीसावळी, पायात पुरुषी वहाणा, आणि जीभ अशी की गावात तिच्या तोंडाला कुणी लागत नसे. माझी मात्र लाडकी होती. सुट्टी लागली की मी धुळ्याहून एस. टी. पकडून थेट तिच्याकडे.

बागेची विहीर दरवर्षी खाली चालली होती. पूर्वी मोटार सहा तास चालायची, मग चार झाले, आणि गेल्या उन्हाळ्यात दीड तासात ती हवा ओढायला लागली. तीस झाडं जागच्या जागी वाळली. तेव्हा अक्काचे दीर पुढे आले. गाव त्यांना आबा म्हणायचं. माणूस वाईट नव्हता, पण आपलं तेच खरं करणारा. त्यांचं म्हणणं, वहिनी, पाण्यावाचून लिंबू जगत नाही, बाग तोडू, रान माझ्याकडे द्या, मी कपाशी लावतो, तुम्हाला घरबसल्या धान्य पोचवतो. घरबसल्या! अक्काला हा शब्द फार लागला. मारुतीच्या पारावर चार वडीलधाऱ्यांसमोर तिने सांगून टाकलं, "एक उन्हाळा द्या. बाग जगली तर माझी. वाळली तर कुऱ्हाड मी स्वतः तुमच्या हातात देईन." आबांनी मान डोलवली. असा शब्द गावात मोडत नाहीत.

त्याच दिवाळीनंतर तालुक्यातल्या बागाईतदारांची दिल्लीला सहल निघाली. तिकडे जगभरातले देश आपापले मांडव घालून बसतात, यंत्रं, बियाणं, काय काय दाखवतात, असं शेतकी खात्याच्या साहेबांनी सांगितलं होतं. एक दिवस प्रदर्शन, दुसऱ्या दिवशी ताजमहाल, आणि परत. अठरा पुरुषांनी नावं दिली, त्यात आबाही होते. अक्काने एकोणिसावं नाव दिलं तेव्हा साहेब अडखळले. बाईमाणूस एकटी कशी, म्हणाले. "एकटी नही," अक्का म्हणाली, "मन्ही भाची शे. कॉलेजमा शिकस. इंग्रजी बोलस."

झालं! मला न विचारता माझं नाव गेलं. पण मी एका पायावर तयार होते. धुळ्याच्या कॉलेजात शास्त्र शाखेच्या शेवटच्या वर्षाला होते, आणि आयुष्यात जळगावच्या पुढे रेल्वेने गेले नव्हते. मी कोरी वही आणली. रेघा मारून देशांची यादी केली, प्रत्येक मांडवाला वीस मिनिटं. वीस मिनिटांनी तीन देश तासाला, असा तो हिशोब. ताजमहालासाठी वेगळं पान ठेवलं होतं आणि त्याच्या वर मोरपीस चिकटवलं होतं. वीस वर्षांची घोडी, पण अक्कल तेवढीच.

गावाने आम्हाला काशीला निघाल्यासारखं पोचवलं. नारळ दिले, कुंकू लावलं, आयाबाया एस. टी.पर्यंत आल्या. अक्काने दशम्या, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी आणि लाल मिरचीची चटणी एवढी बांधली होती की दोन पिशव्या नुसत्या खाण्याच्या. वर तिचा पितळी तांब्या. घराबाहेर ती दुसऱ्या भांड्यातून पाणी पीत नसे.

दिल्लीत धर्मशाळेत उतरलो आणि सकाळी प्रदर्शनाच्या फाटकातून आत गेलो. काय सांगू! झेंडेच झेंडे. कारंजी. चकचकीत काचांच्या इमारती. आमचे पुरुष पांढऱ्या टोप्या सावरत क्षणभर दारातच उभे राहिले आणि मग जे सुटले ते सुटलेच. त्यांचं एकच चाललं होतं: मांडवात शिरायचं, टेबलावरचे रंगीत कागद गोळा करायचे, पिशवी फुकट असली तर दोन घ्यायच्या, आणि पुढच्या मांडवात. आबांच्या दोन्ही खांद्यांना दुपारपर्यंत मिळून सात पिशव्या लटकत होत्या. खरं सांगायचं तर माझी वही आणि त्यांच्या पिशव्या यांत काही फरक नव्हता.

पहिले दोन देश आम्ही वीस-वीस मिनिटांत उरकले. तिसरा मांडव वाळवंटातल्या एका देशाचा होता. मधोमध वाळूचा चौक केलेला आणि त्यात फळांनी लगडलेलं संत्र्याचं झाड. बुंध्याशी काळी नळी, नळीला बारीक तोटी, आणि तोटीतून थेंब. टप... टप... टप.

अक्का थांबली. वाकून बघितलं. मग सरळ खाली बसली.

"हाई ते महादेवनी गळती शे," ती म्हणाली.

महादेवाच्या पिंडीवर भोक पाडलेलं भांडं टांगतात आणि त्यातून थेंब थेंब पाणी पडत राहतं, ती गळती. उन्हाळ्यात आमच्या गावोगावी असते. मला त्यात नवल वाटलं नाही. मी म्हटलं, "हो गं, चल आता." ती कसली हलते! तिने पिशवीतून तांब्या काढला, त्या तोटीखाली धरला आणि मला म्हणाली, "घड्याळ देख."

तांब्या भरायला पाव तास लागला. मग तिने तो ओतला आणि पुन्हा धरला. एकदा बघून खरं कळत नाही म्हणे! सगळं जग बाहेर पसरलेलं आणि मी तिथे पाणी भरत उभी. माझ्या वहीतला एक देश गेला, दुसरा गेला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. मी चिडून म्हटलं, "अक्का, पाणी भरायचं होतं तर गावी विहीर नव्हती का?"

"विहीर शे," ती शांतपणे म्हणाली, "पानी नही."

मी पुन्हा घड्याळ बघितलं.

तिसऱ्यांदा तांब्या भरल्यावर तिच्या मनात दुसराच प्रश्न आला. एवढंसं पाणी जातं कुठे? मुळापर्यंत पोचतं की वरच्या वर उडून जातं? आता आमच्याकडे याचं उत्तर कुणी विचारत नाही, हाताने घेतात. बुंध्याशी उकरायचं, मूठभर माती घ्यायची, दाबायची. गोळा झाला तर ओल आहे, भुगा झाला तर नाही. अक्काने पदर खोचला, झाडाभोवती लावलेली दोरी ओलांडली, आणि परदेशी सरकारच्या त्या शोभेच्या झाडाखाली दोन्ही हातांनी वाळू उपसायला लागली.

मी "अगं, अगं" म्हणेपर्यंत तिचा हात कोपरापर्यंत आत. आणि मग ती ओरडली, "लबाडी शे हाई! झाड आठलं नही. पोत्यासंगे आनेल शे!"

खरंच होतं. मुळांभोवती गोणपाट गुंडाळलेलं दिसत होतं. झाड बाहेरून उचलून आणून वाळूत बसवलेलं. माणसं जमली. रखवालदार शिट्टी वाजवत आला. कुणीतरी धावत जाऊन आमच्या साहेबांना सांगितलं, ते आले, मागोमाग पिशव्यांसकट आबा आले. साहेबांचा चेहरा पांढराफटक. "बाई, तालुक्याची अब्रू घालवली तुम्ही!" आबा तर कपाळाला हात लावून म्हणाले, "वहिनी, आठे बी?" इथेसुद्धा, म्हणजे. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. आणि मी रडायला लागले.

एवढ्यात आतून एक गोरा म्हातारा आला. उन्हाने रापलेला, अर्ध्या बाह्यांचा सदरा. त्याने आधी झाडाकडे पाहिलं, मग अक्काच्या वाळूने भरलेल्या हातांकडे. मला इंग्रजीत विचारलं, ह्या काय म्हणतात? माझं इंग्रजी फळ्यावरचं. त्यात डोळे गळताहेत, नाक वाहतंय. मी कसंबसं म्हटलं, "ही म्हणते, तुमचं झाड खोटं आहे."

म्हातारा एकदम हसला. अगदी पोट धरून. म्हणाला, खरं आहे, झाड नुसतं बघण्यासाठी आणलंय, हजारो लोक बघून गेले, पण खाली हात घालून बघणारी पहिलीच. तो स्वतः शेतकरी होता, तिकडे त्याची संत्र्याची बाग होती. त्याने आपली बोटं पुढे केली. अक्काच्या बोटांसारखीच ती भेगाळलेली होती, नखांत माती होती. मग म्हणाला, उद्या सकाळी या. मांडवामागे मी साध्या मातीत आठ दिवस थेंब सोडून ठेवलाय, तो खणून दाखवतो. फाटकावर दाखवायला त्याने एक चिठ्ठी लिहून दिली.

उद्या सकाळी! उद्या सकाळी सहाला ताजमहालाची बस होती.

मी अक्काला नाना परीने समजावलं. धर्मशाळेत परतल्यावर हातापाया पडले. "अक्का, ताजमहाल पुन्हा कोण दाखवणार मला?" ती माझ्या केसांवरून हात फिरवत म्हणाली, तू जा, मी त्या म्हाताऱ्याशी खाणाखुणांनी बोलेन. आता ही काय बोलायची रीत झाली? तिची बाग, तिचा उन्हाळा, आणि ती खाणाखुणा करणार! मी मनातल्या मनात तिला भरपूर शिव्या दिल्या आणि थांबले. सकाळी बस निघाली तेव्हा खिडकीतून आबांनी हात हलवला. मी तोंड फिरवलं. वहीतलं मोरपिसाचं पान तर आदल्या दिवशीच फाडलं होतं.

मांडवामागे एक वाफा होता. साधी माती, वर तीन तोट्या, बाकी काही नाही. वरून ताटाएवढं गोल ओलं दिसत होतं, आजूबाजूला सगळं कोरडं. म्हाताऱ्याने अक्काच्या हातात फावडं दिलं. तिने कडेने सरळ चर खणला, आणि मातीच्या कापात ओल उघडी पडली. वर लहान, खाली फुगत गेलेली, मोठ्या कांद्यासारखी. अक्काने हाताने मापलं. कोपरापर्यंत ओल. तिने मूठभर माती दाबली, नाकाशी नेली, मग माझ्या नाकाशी. "देख पोरी," एवढंच म्हणाली. तिचे डोळे भरले होते. अक्काचे डोळे भरलेले मी त्याआधी एकदाच पाहिले होते.

मग दोन तास ती विचारत होती, तो सांगत होता आणि मधे मी. झाड किती वर्षांचं, माती किती काळी, दिवसाला किती तांबे. हो, तांबेच. तिने तेच माप धरलं होतं आणि म्हाताऱ्यानेही ते पत्करलं. शेवटी तो गंभीर झाला आणि म्हणाला, एक गोष्ट यांना नीट सांग. पहिला महिनाभर झाड रुसेल. पानं पिवळी पडतील, गळतील. त्याला दूरवर मुळं पसरायची सवय आहे, ती सोडून थेंबाखाली यायला त्याला वेळ लागतो. तेव्हा कुणी घाबरून पाटाने पाणी सोडेल. सोडू नका. खणून बघा. आत ओल असेल तर झाड मरत नाही. मी हे अक्काला दोनदा सांगितलं. तिने माझ्याकडून तिसऱ्यांदा वदवून घेतलं.

निघताना त्याने हातभर नळी आणि दोन तोट्या दिल्या. अक्काने उरलेल्या सगळ्या दशम्या आणि चटणी त्याच्यापुढे ठेवली. चटणीने त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं, पण बहाद्दराने संपवली.

गावी आलो तर पारावर आठ दिवस ताजमहाल चालला होता. संगमरवर असा, मिनार तसे. अक्काला कुणी विचारलं, तू काय पाहिलंस, तर ती म्हणायची, "थेंब." बाया तोंडाला पदर लावून हसायच्या. तिने ती नळी देवघरात महादेवाशेजारी ठेवली होती.

शेतकी साहेब रागावले होते खरे, पण त्यांनीच सरकारी योजनेतून ठिबक मिळवून दिलं. जळगावहून माणसं आली आणि फेब्रुवारीत नळ्या अंथरल्या. उरलेल्या एकशे सत्तर झाडांखाली थेंब सुरू झाला. विहिरीचं दीड तासाचं पाणी त्याला पुरून उरायचं.

परीक्षा आटोपून मी एप्रिलमध्ये गेले, आणि पिशवी खांद्यावर तशीच ठेवून थेट बागेत शिरले. पानं पिवळी, अर्धी गळालेली. ओळींमधली जमीन भेगाळून पायाला चटके देत होती. नळ्या टाकून दोन महिने झाले होते आणि झाडं अजून रुसलेलीच. म्हाताऱ्याने महिना सांगितला होता, पण आमच्या उन्हाची त्याला काय कल्पना! येणारा-जाणारा बांधावर थांबून चुकचुकायचा. लेकरासारखी झाडं तहानेने मारतेय, म्हणायचा. अक्का रोज एका झाडाखाली उकरून बघायची, मूठ दाबायची आणि गप्प कामाला लागायची. पण ती जेवत नव्हती नीट, हे मला दिसत होतं.

एका रविवारी ती पारोळ्याच्या बाजाराला गेली. मी एकटीच बागेत होते. दुपारी बाराच्या उन्हात विहिरीजवळच्या पहिल्या झाडाकडे बघितलं, ते सगळ्यात जुनं, अक्काच्या नवऱ्याने पहिलं लावलेलं, आणि त्याची पानं अशी लोंबत होती की मला बघवेना. मी मनाशी म्हटलं, एकदाच. एक पाट फोडला तर कुणाला कळणार? मी फावडं उचललं, पाटापाशी गेले आणि पहिला घाव घातलाही.

आणि माझ्याच आवाजातलं वाक्य मला ऐकू आलं. "घाबरून पाटाने पाणी सोडू नका." हे म्हाताऱ्याचं म्हणणं खरं, पण मराठीत ते माझ्या तोंडून निघालं होतं, तीन-तीनदा. त्या वाक्यासाठी मी ताजमहाल सोडला होता. मी फावडं टाकलं, झाडाखाली गुडघ्यांवर बसले आणि हाताने उकरायला लागले. वर कोरडं. मग थोडं गार. मग बोटांना ओल लागली, आणि त्या ओलीत मुळं! पांढरी, दोऱ्यासारखी बारीक, नवी मुळं, थेंबाखाली गर्दी करून आलेली. मी वेड्यासारखी हसत सुटले.

"पाट फोड, पोरी!" मागून आवाज आला. आबा बांधावर उभे होते. चांगलेच संतापले होते. "भाऊनं झाड शे ते! मन्हा भाऊना हातनं! तुम्ही दोन्ही पागल व्हई गयात का?" ते तरातरा आले आणि पडलेलं फावडं त्यांनीच उचललं.

मी पाटावर आडवी उभी राहिले. आयुष्यात त्यांच्यापुढे मी कधी मान वर केली नव्हती. त्यांच्याच बोलीत म्हटलं, "आबा, आधी खोदी देखा."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग काय वाटलं कोण जाणे, फावडं ठेवून खाली बसले. मी केलेल्या खड्ड्यात त्यांनी हात घातला. मनगट आत गेलं, कोपर गेलं. मूठ बाहेर काढली, दाबली, उघडली. काळाभोर गोळा, त्यावर त्यांच्या चारी बोटांचे ठसे, आणि त्यातून डोकावणारं एक पांढरं मूळ.

तशातच अक्का आली. डोक्यावर बाजाराची पाटी, चेहरा घामाने डबडबलेला. पहिल्या झाडाखाली एवढा खड्डा आणि उघडी पडलेली मुळं बघून तिचं पित्तच खवळलं. "कोन खंदं हाई? उनमा मूळ मरतीन ना!"

मी तोंड उघडणार तोच आबा म्हणाले, "मी."

आणि त्यांनी तो गोळा परत खड्ड्यात ठेवला. वरून दोन्ही हातांनी माती ओढली, अगदी हलक्या हाताने, मुळं झाकली, तळव्याने थापलं. अक्का पाटी डोक्यावर तशीच घेऊन उभी. आबा गुडघ्यांवर हात टेकून उठले आणि टोपी काढून त्यांनी कपाळ पुसलं.

"वहिनी," ते म्हणाले, "मी दिल्ली जाई ताजमहाल देखी उनू. मन्ही विहीर बी आटनी शे." मग खाली बघत, "तो तांब्या माले देशी का दोन दिवस?"